ताईच्या नावाचा लिटर

लाहती, ७ एप्रिल १९८५

प्रिय ताई,

हे पत्र हातात घेतल्यावर आधी तुझ्या भुवया वर जातील, मग चष्मा खाली येईल, आणि मग तू लाल पेन्सिल शोधायला लागशील. शोध बापडी. पण आधी वाच.

आमच्या वुओक्कोचं लग्न ठरलं. पंधरा जून, शनिवार. मुलगा रेल्वेत आहे, सरळ आहे, कान जरा मोठे आहेत. वुओक्कोचं एकच म्हणणं आहे, मावशी आली पाहिजे. बाप्तिस्म्याला तूच तिला हातात धरलं होतंस, तिची धर्ममाता तू. अकरा वर्षं झाली तू आमच्या घरात पाऊल टाकलेलं नाहीस. तुझ्या मेहुण्याच्या, काउकोच्या पन्नाशीला त्याने कॉफीबरोबर कॉन्यॅक ओतलं आणि तू कप तसाच ठेवून उठलीस. मी तेव्हाही काही बोलले नाही, आताही बोलत नाही. पण पोरीचं लग्न आहे ग.

आणि दुसरं. मे महिन्याच्या तीन तारखेला काउको आणि मी बोटीने स्टॉकहोमला जातोय. शुक्रवारी संध्याकाळी हेलसिंकीहून निघायचं, शनिवार दिवसभर तिकडे, रविवारी सकाळी परत. तिसरं तिकीट तुझं काढायला सांगितलंय. आपण दोघी शेवटच्या एकत्र कुठे गेलो होतो, आठवतं का तुला? मी खूप आठवून पाहिलं. आईच्या दफनालाच बहुतेक.

नाही म्हणू नकोस.

तुझी लेम्पी

•

कुओपिओ, १२ एप्रिल १९८५

प्रिय लेम्पी,

तुझे पत्र मिळाले. त्यात अकरा ठिकाणी स्वल्पविराम हवा होता आणि एका ठिकाणी विचार.

ज्या प्रकाराला आपला देश समुद्रसफर म्हणतो, ती वस्तुतः तरंगती मद्यशाळा असते, हे मी गेली बावीस वर्षे आमच्या मद्यविरोधी मंडळाच्या व्यासपीठावरून सांगत आले आहे. स्वीडन हे तिचे केवळ निमित्त. पलीकडे किनारा नसता, तरी तितकीच माणसे त्याच बोटीत बसून समुद्रात एक गोल फेरी मारून परत आली असती, आणि परत येताना तितकीच आनंदी असती. करमुक्त बाटलीसाठी जे राष्ट्र दोन रात्री लाटांवर काढते, त्याला समुद्राची आवड आहे असे मानण्याची चूक फक्त परदेशी माणूस करील.

तरीही मी येईन. मला बहिणीने बोलावले आहे, बाटलीने नाही. एवढा फरक मला कळतो. माझे जेवण मी बरोबर आणीन. बोटीवरच्या त्या प्रसिद्ध मेजवानीत लोक कोळंबीचे डोंगर उपसताना पाहण्याची मला हौस नाही. मंडळाचा बिल्ला कोटावर असेल. काउकोला आधीच सांगून ठेव, म्हणजे त्याला सुचणारे विनोद तो घरीच संपवून येईल.

लग्नाचे मात्र आत्ता विचारू नकोस. ज्या टेबलावर दारू ओतली जाते, त्या टेबलाशी मी बसत नाही. का बसत नाही, हे मी तुला सांगावे असे नाही. मार्च महिन्यात तळ्याच्या बर्फावरून गुत्त्यातून घरी यायला निघालेले वडील आले नाहीत, आणि सकाळी त्यांची टोपी तेवढी सापडली. ती टोपी तूच हातात धरून उभी होतीस. तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. त्याच वसंतात मंडळाच्या शपथपत्रावर आपण दोघींनी सह्या केल्या. माझी सही अजून लागू आहे.

तुझी बहीण,
हेल्वी

•

लाहती, ८ मे १९८५

ताई,

बंदरापासून स्टेशनपर्यंत तू एक शब्द बोलली नाहीस. स्टेशनवर काउकोच्या कोटाच्या खिशात नोटा कोंबल्यास, बाटलीची पिशवी छातीशी धरलीस आणि कुओपिओच्या गाडीत चढलीस. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. आम्ही दोघं फलाटावर खांबासारखे उभे. लोक बघत होते.

काउको तोंड फुगवून बसलाय. त्याचं म्हणणं, ती कॉन्यॅकची बाटली त्याने लग्नात कॉफीबरोबर म्हाताऱ्या मंडळींना द्यायला म्हणून निवडून घेतली होती. माणशी एकच लिटर कडक दारू आणता येते, तुला माहीत आहे. त्याचा आणि माझा लिटर वोडकात गेला, म्हणून कॉन्यॅक तुझ्या नावावर. बाकी सगळं सरकारी दारूदुकानातून तिथल्या भावाने घ्यायचं तर घर विकायला लागेल. तो म्हणतो, ‘तुझ्या ताईला दारूचा वास चालत नाही, मग बाटली कशाला लागते? वास घ्यायला?’

बाटली परत पाठव ना. टपालाने नको, फुटेल. लग्नाला येताना घेऊन ये.

येणार आहेस ना?

लेम्पी

•

कुओपिओ, १३ मे १९८५

प्रिय लेम्पी,

काउकोने विचारणा केली आहे, तर तिचे उत्तर व्यवस्थित देते. पत्र त्याला वाचून दाखव. लांब वाक्ये सावकाश घे.

शुक्रवारी बोटीवरचे दुकान उघडण्याच्या पाऊण तास आधीपासून त्याच्या जाळीसमोर रांग लागली होती. मी अडतीस वर्षे लॅटिन शिकवले, पण अशी एकाग्रता मला एकाही वर्गात आढळली नाही. जाळी गुडघ्याइतकी वर सरकताच एक गृहस्थ तिच्याखालून रांगत आत गेले. त्यांना मी ओळखले. आमच्या जिल्ह्याचे ते निवृत्त शाळा तपासनीस. त्यांनी एकदा माझ्या वर्गातील शिस्तीला ‘बरी’ असा शेरा दिला होता.

ज्यांना रांगणे जमत नाही त्यांच्यासाठी वेगळी सोय होती. खोलीत प्रत्येकाच्या उशीवर एक छापील मागणीपत्र ठेवलेले होते. हव्या त्या बाटलीपुढे खूण करावी, पैसे भरावेत, आणि रविवारी सकाळी हेलसिंकी दिसू लागण्याच्या सुमारास माल नावानिशी खोलीच्या दारात हजर. माणसाला स्वतःच्या व्यसनाचे ओझेसुद्धा स्वतः वाहावे लागू नये, असा हा कल्याणकारी विचार. मी माझे मागणीपत्र घडी घालून पुस्तकात खूण म्हणून ठेवले. नंतर ते पुस्तकात नव्हते. पडले असेल, असे मला वाटले. माणसांबद्दल चांगले मत ठेवण्याची सवय मला क्वचितच जडते, आणि जेव्हा जडते तेव्हा अशी महागात पडते.

रविवारी सकाळी तुम्ही दोघे न्याहारीला गेला होतात. दार वाजले. गणवेशातली एक मुलगी ढकलगाडी घेऊन उभी.

‘हेल्वी कोर्पिवारा?’

‘हो.’

‘एक लिटर कॉन्यॅक. इथं सही.’

‘हे मी मागवलेले नाही.’

‘सगळ्यांना सकाळी असंच वाटतं, बाई. नाव तुमचं, खोली तुमची, पैसे भरलेले. करा ना सही, अजून चाळीस खोल्या बाकी आहेत.’

मी ‘मागवलेले नाही, केवळ ताब्यात घेतले’ असे लिहून खाली सही केली. मुलीने ते वाचण्याची तसदी घेतली नाही. मग तुम्ही दोघे आलात. काउकोने पिशवी पाहिली आणि टाळी वाजवली. ‘आला का ताईंचा लिटर! बघ लेम्पी, म्हटलं नव्हतं, तिकिटाचं चीज होणार म्हणून?’

आणि तू हसलीस.

काउकोचे बोलणे मी कधीच मनावर घेतलेले नाही. ते मनापर्यंत पोहोचण्याइतके वजनदार नसते. तुझे हसणे मात्र मी ऐकले. मला का बोलावले होते, ते मला त्या हसण्यातून मापासकट कळले. एक लिटर. मद्यविरोधी मंडळाची अध्यक्ष म्हणजे लग्नघराच्या हिशेबी एक रिकामी बाटली, जी भरून आणायची होती.

पुढचे काउकोला ठाऊक आहे, कारण तो माझ्या मागेच उभा होता. पिशवी मी उचलली, कारण ज्याच्या नावाचा माल त्यानेच न्यायचा, असे त्यानेच मला बजावले होते. कायद्यातले एवढे एकच कलम त्याला पाठ आहे. बंदरावर जकात अधिकाऱ्याने शेकडो माणसांतून नेमके मला थांबवले. त्याची नजर माझ्या बिल्ल्यावर होती.

‘बाई, ही बाटली तुमची?’

‘आहे ना पिशवीत,’ मी म्हणाले.

‘पिशवीत आहे ते दिसतंय. तुमची आहे का? की दुसऱ्या कुणासाठी नेताय?’

मागे काउकोने श्वास रोखून धरला होता. दोन दिवसांत प्रथमच मला तिकडून वास आला नाही. ‘नाही’ हे उत्तर सत्य होते. ते दिले असते तर तुमच्या सगळ्या पिशव्या त्या टेबलावर उघडल्या गेल्या असत्या, आणि माझ्या धर्मकन्येच्या लग्नाचा बोभाटा जकात कचेरीत झाला असता.

‘माझी,’ मी म्हणाले.

त्याने एकदा बिल्ल्याकडे पाहिले, एकदा बाटलीकडे. ‘मग होऊन जाऊ द्या, बाई,’ तो म्हणाला. ‘थंडी आहेच अजून.’

सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी एकदाच सरकारी अधिकाऱ्यासमोर खोटे बोलले, ते काउकोच्या कॉन्यॅकसाठी. खोट्याची दुरुस्ती एकाच मार्गाने होते: ते खरे करून. म्हणून स्टेशनवर बाटलीची किंमत दिली. आता ती माझी आहे. तुम्हाला परत केली, तर बंदरावरचे माझे उत्तर पुन्हा खोटे ठरेल. मी एकदा खोटे बोलले. काउकोच्या सोयीसाठी दुसऱ्यांदा बोलणार नाही.

हेल्वी

•

लाहती, १७ मे १९८५

ताई,

तुझं पत्र वाचून दाखवलं. लांब वाक्यं सावकाश घेतली. काउको दुसऱ्या पानावर झोपला.

उठल्यावर म्हणाला, ‘म्हणजे बाटली देणार नाही, एवढंच ना? मग चार पानं कशाला लिहिली?’ आता तो आपल्या नळ-पाइपांच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतोय, मेहुणीने कॉन्यॅक पळवलं, दारूबंदीवाली आहे हो, ताटात बिल्ला ठेवून पीत असेल. मी एकदा झापलं. ऐकेल तर तो काउको कसला.

पण ताई, खरं सांग. तू त्या बाटलीचं करणार काय? पिणार नाहीस. ओतून देणार नाहीस, पैसे मोजलेस म्हणून. कुणाला देणार नाहीस, दिली तर कुणीतरी पिईल म्हणून. मग ती काय कपाटात ठेवून पुजणार आहेस? अग, सरळ सांगायचं ना, मला राग आलाय म्हणून! कायदा कशाला मध्ये आणतेस?

वुओक्को रोज टपालपेटी बघते. तिला मी काय सांगू?

लेम्पी

•

कुओपिओ, २६ मे १९८५

प्रिय लेम्पी,

बाटलीचे काय करणार, असे तू विचारले होतेस. त्याची सोय परस्पर झाली.

गुरुवारी मंडळाची बैठक माझ्या घरी होती. कॉफी झाली तेव्हा उपाध्यक्ष हिल्या टास्किनेन साखर आणायला म्हणून कपाटाकडे गेली. साखर टेबलावरच होती. पण दुसऱ्याचे कपाट उघडण्याची संधी हिल्याने अद्याप कधी सोडलेली नाही. बाटली कपांच्या मागे उभी होती. मी ती लपवली नव्हती. लपवणे म्हणजे कबुलीच, फक्त आळशी माणसाची.

‘हेल्वी, हे काय आहे?’

‘कॉन्यॅक.’

‘कोणाचं?’

तिथे नऊ जणी बसल्या होत्या. मी सगळी हकीकत सांगितली असती, तर त्यांनी मला क्षमा केली असती, आणि पुढची दहा वर्षे ती क्षमा रोज थोडीथोडी वसूल केली असती. शिवाय त्या हकिकतीत तुझे नाव आले असते.

‘माझे,’ मी म्हणाले.

‘औषधासाठी असेल,’ कोणीतरी कुजबुजले.

‘मला कोणताही आजार नाही.’

बिल्ला काढून मीच टेबलावर ठेवला, कारण त्या तो मागायला धजल्या नसत्या आणि मग ते पंधरा दिवस चालले असते. हिल्या आता अध्यक्ष आहे. तिला भाषण करता येत नाही. परंतु श्रोत्यांनाही ऐकता येत नाही, तेव्हा मंडळाचे नुकसान होणार नाही.

मी लग्नाला येणार नाही. तुम्हाला जे माझ्याकडून हवे होते ते मी देऊ शकत नाही, आणि दुसरे काही हवे होते असा पुरावा माझ्याजवळ नाही. वुओक्कोसाठी आईचे चांदीचे सहा चमचे वेगळ्या टपालाने पाठवत आहे.

हेल्वी

•

लाहती, ३० मे १९८५

ताई,

चमचे आले. ते मी उघडले नाहीत. परत पाठवीन नाहीतर तुझ्या हातून घेईन, दोनातलं एक.

आता माझं ऐक, आणि या वेळी पेन्सिल खाली ठेव.

तिसरं तिकीट काढ म्हटल्यावर काउको म्हणाला, ‘तिला कशाला? दोन दिवस प्रवचन ऐकायला?’ मी म्हटलं, अरे, ताई पीत नाही, तिचा लिटर फुकट जातो, आपल्याला मिळेल. लगेच तयार झाला. काउकोला पटवायचं तर असंच काहीतरी सांगावं लागतं. तुला मात्र मी लिहिलं, ये, आपण दोघी कित्येक वर्षांत कुठे गेलो नाही. म्हणजे तुम्हा दोघांपैकी एकाला मी थाप मारली. तू अडतीस वर्षं पोरांच्या उत्तरपत्रिका तपासल्यास, नक्कल करणारा पोर तुला पाठीमागून ओळखता यायचा. कुणाला थाप मारली, एवढं तुला कळलं नाही?

हो, रविवारी मी हसले. काउको एवढा खूश, की आपण तिकीट वसूल केलं. त्याला माहीतच नाही की तो फसलाय. मी त्याला हसले, ताई. तू तोंड फिरवलंस म्हणून तुला ते दिसलं नाही. तुझं मागणीपत्र त्याने पुस्तकातून काढलं ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं तुला विचारेल. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मला चाललं असतं. माझं काम शनिवारीच झालं होतं.

तुझं तेरा मेचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात शुक्रवार आहे. रविवार आहे, अगदी मिनिटामिनिटाचा. शनिवार कुठे गेला?

काउको बोटीवर झोपला होता. आपण दोघी धक्क्यावरच्या बाकावर बसून तू आणलेला मासे भरलेला राय धान्याचा पाव खाल्ला, सुरी विसरलीस म्हणून हाताने तोडून. तू होडीच्या तिकीटवाल्याचं स्वीडिश सुधारलंस, त्याच्याच देशात, आणि तो बिचारा ‘थँक यू मॅडम’ म्हणाला. मी हसून हसून रडले. तूसुद्धा हसलीस. आई पिठाच्या पिंपात वडिलांच्या बाटल्या लपवायची आणि मग आपल्या भाकरीत दारूचा वास शोधत बसायची, ते तू मला सांगितलंस. मला ते माहीत नव्हतं. मी लहान होते. तासभर तू माझा हात धरून बसली होतीस, आणि उठताना म्हणालीस, वारा होता म्हणून धरला.

एवढ्यासाठी मला तिकीट हवं होतं. तुझा लिटर काउकोसाठी होता. शनिवार माझा होता.

आणि अजून एक. ‘माझी सही अजून लागू आहे’ असं तू लिहिलंस. माझीपण आहे. मी कधीच घेतलेली नाही, थेंबभरही नाही. काउकोच्या पन्नाशीला तुझ्या शेजारी मी कॉफीच पीत होते. तू ज्या टेबलावरून उठून गेलीस, तिथे मी एकटी पडले. अकरा वर्षं मी वाट बघतेय की तू एकदा विचारशील, लेम्पी, तुझ्या कपात काय आहे? तू कधी विचारलंच नाहीस. निकाल लावून मोकळी झालीस.

तुझ्या मंडळाचं ऐकून वाईट वाटलं. माझं नाव येऊ नये म्हणून तू बिल्ला दिलास. मूर्ख आहेस. एवढी शिकलेली मूर्ख मी दुसरी पाहिली नाही.

पंधरा तारखेला अकरा वाजता चर्चमध्ये.

लेम्पी

•

कुओपिओ, ५ जून १९८५

प्रिय लेम्पी,

तुझे पत्र मिळाले. चुका मोजल्या नाहीत.

शनिवार मी पत्रातून वगळला, हे खरे आहे. त्याविषयी तुच्छतेने लिहावे असे काही मला सापडले नाही, आणि दुसऱ्या कोणत्या रीतीने लिहायचे ते मला सुचले नाही. ही माझी त्रुटी. वारा नव्हता, हेही इथेच नोंदवून ठेवते.

टेबलाशी माझ्या शेजारी दुसरी एक शपथ बसलेली होती आणि मी तिला सोडून उठले, ही त्रुटी नव्हे. तिच्यासाठी मला शब्द मिळालेला नाही. लॅटिनमध्येही शोधला.

चौदा तारखेच्या दुपारच्या गाडीने येत आहे. चमचे न उघडता ठेव. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर आणते आहे. जकात खात्याची नियमपत्रिका मी मागवून दोनदा वाचली. स्वतःच्या मालकीची वस्तू नातलगांना लग्नात भेट देण्यास तिच्यात कोठेही मनाई नाही. तेव्हा बंदरावर मी दिलेले उत्तर खरे होते आणि खरेच राहील. भेट वुओक्कोला आहे, काउकोला नाही. हे त्याला दोनदा सांग, कारण पहिल्यांदा तो ऐकत नसतो. ओतायची ती त्यानेच ओतावी. मी कोणाचा ग्लास भरणार नाही.

उठणारही नाही. माझी खुर्ची तुझ्या शेजारी ठेव आणि दोघींनाही कॉफी दे. मागच्या वेळी माझा कप अर्धा राहिला होता.

बिल्ल्याची काळजी करू नकोस. हिल्या सोमवारी तो परत घेऊन आली होती. भाषण लिहून द्याल का, म्हणून विचारत होती. भाषण लिहून दिले. बिल्ला ठेवून घेतला नाही. तिच्या कोटावर तो वाकडा लागतो, तेवढा सरळ करून दिला.

काउकोला एक निरोप दे. पुढच्या मे महिन्यात माझा लिटर मोकळा आहे. त्याला जी बाटली हवी असेल तिच्यापुढे या वेळी मी स्वतः खूण करीन, सही करीन, आणि रविवारी सकाळी दारात उभी राहून ताब्यात घेईन. अट एकच. शनिवारी त्याने बोटीवर झोपून राहावे.

सुरी मी आणीन.

तुझी ताई